गाण्याच्या खर्जात काय चाललंय? सोल संगीतातल्या बेस लाइनची ओळख

जुन्या ध्वनिमुद्रणातली वाद्यं एकमेकांपासून सुटी करणारी सॉफ्टवेअर गेल्या काही वर्षांत कुणाच्याही हाती आली आहेत. गाणं आत टाकलं की गायकाचा आवाज वेगळा, ड्रम वेगळे, बेस वेगळा. मग कुणीतरी १९६०च्या दशकातलं एखादं अमेरिकी गाणं घेतं, त्यातला नुसता बेस ऐकवतं, आणि ते गाणं वर्षानुवर्षं ऐकलेले लोकही थक्क होतात. एवढं सगळं त्या गाण्यात चाललं होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता!

हे थक्क होणं रास्तच आहे. पण त्यापुढचा प्रश्न बहुतेकांच्या मनात तसाच राहतो. चांगलं म्हणजे नेमकं काय चांगलं? गायिकेची हरकत कळते, सतारीची मींड कळते. बेसमध्ये डावं-उजवं कशावरून ठरवायचं? आपल्याकडे तर बेस म्हटलं की मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती आणि छातीत बसणारे दणके आठवतात, आणि वाद्यवृंदात मागे उभा असलेला बेसवाला नक्की काय करतो हे पुढच्या रांगेतल्या रसिकालाही सांगता येत नाही.

मला सांगायचं आहे ते एवढंच: सोल संगीतातली उत्तम बेस लाइन ही त्या गाण्याची दुसरी चाल असते. वरच्या चालीला ती अर्थ देते आणि तरी तिच्या वाटेत येत नाही. या दोन गोष्टी एकदम साधणं फार अवघड. ज्यांना त्या साधल्या त्यांची वादनं पन्नास-साठ वर्षांनंतरही जगभरचे वादक कान लावून उतरवून घेतात, ते त्यामुळेच.

खालचा स्वर आणि मोठा आवाज या दोन गोष्टी आहेत

बेस गिटारला बहुधा चार तारा असतात. सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. साध्या गिटारच्या सगळ्यांत जाड तारेची कंपनं सुमारे ८२. म्हणजे बेस गिटार साध्या गिटारच्या बरोबर एक सप्तक खाली बोलते. तिच्याआधी हे काम उभं राहून वाजवायच्या भल्यामोठ्या लाकडी डबल बेसकडे असे. १९५१मध्ये लिओ फेंडर यांच्या कंपनीने ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. त्याला सतारीसारखे पडदे होते, त्यामुळे बोट पडद्यामागे ठेवलं की स्वर अचूक लागे. नावातली ‘अचूकता’ त्यावरूनच आली.

या वाद्यावर गाणंभर चालणारी स्वरांची जी ओळ, ती बेस लाइन. ती कितीही हळू आवाजात वाजली तरी बेस लाइनच असते. भिंती हादरवणं हे ध्वनियंत्रणेचं काम, वादकाचं नव्हे.

मग मोबाइलवर ती ऐकू का येत नाही? मोबाइलचा चिमुकला स्पीकर ४१ कंपनांचा स्वर देऊच शकत नाही. तरीही खर्जाचा अंदाज आपल्याला येतो, कारण कुठल्याही स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर वाजत असतात आणि त्यांवरून मेंदू खालचा स्वर ताडतो. खिशातल्या रेडिओवर आणि मोटारीतल्या स्पीकरवर ही गाणी लोकप्रिय झाली ती याच जोरावर. अभ्यासाला मात्र हेडफोन हवेत, साधे असले तरी चालतील.

पेटीवर करून बघा

रागसंगीतात षड्ज एकच असतो. तानपुरा तो धरून ठेवतो आणि गायक त्याच्या संदर्भात फिरतो. पाश्चात्त्य धर्तीच्या गाण्यात हा तळाचा संदर्भच दर काही मात्रांनी बदलतो. एकदम वाजणाऱ्या तीन किंवा अधिक स्वरांच्या गटाला कॉर्ड म्हणतात. तो गट ज्या स्वरावर उभा असतो त्याला इथे मूळ स्वर म्हणू.

घरात पेटी असेल तर उजव्या हाताने मधल्या सप्तकातला सा दाबून ठेवा. शेवटपर्यंत सोडायचा नाही. आता डाव्या हाताने खालच्या सप्तकात आधी सा, मग शुद्ध ध, मग शुद्ध म असे स्वर एकामागून एक, सावकाश धरा. वरचा सा जागचा हललेला नाही. पण खाली सा असताना तो स्थिर वाटतो, ध आल्यावर हळवा होतो आणि म आल्यावर एकदम मोकळा होतो. वरच्या स्वराचा अर्थ खालच्या स्वराने बदलला.

बेस वादकाच्या हातात असलेली ताकद ही अशी आहे. गायिका एकच स्वर लांबवत असते आणि तो स्वर कधी समाधानाचा, कधी विरहाचा वाटतो, तेव्हा बरेचदा खाली बेस हललेला असतो. श्रोत्याला वाटतं गायिकेनेच काहीतरी केलं.

खालचा स्वर कोणता हे सांगून वादकाचं काम संपत नाही. पुढे कोणता येणार हेही त्याने सुचवायचं असतं. पाहुणा दारात यायच्या आधी फाटकाची कडी वाजते, तसा पुढचा मूळ स्वर येण्याआधी त्याच्या अगदी शेजारचा स्वर वाजतो. पंचमावर जायचं असेल तर क्षणभर आधी तीव्र मध्यम. हा तीव्र मध्यम एरवी त्या गाण्यात बसणारही नाही. पण तो इतका थोडा वेळ येतो आणि इतका नेमका पंचमाकडे ढकलतो की कान त्याला खुशाल आत घेतो. सोलच्या बेस लाइनमध्ये अशा निसटत्या स्वरांची रेलचेल असते, आणि त्यांच्यामुळेच ती ओळ एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर उडी न मारता चालत जाते.

हे संगीत घडलं कुठे?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गॉस्पेल गायन आणि त्यांचंच नाचाचं रिदम अँड ब्लूज हे संगीत एकमेकांत मिसळून १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात सोल आकाराला आलं. पुढची पंधरा-वीस वर्षं त्याचा बहर होता. मोटारींच्या कारखान्यांचं शहर असलेल्या डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डी यांची मोटाउन कंपनी होती, मेम्फिसमध्ये स्टॅक्स होती, आणि अलाबामातल्या मसल शोल्स या लहानशा गावातही असे स्टुडिओ उभे राहिले.

या सगळ्या ठिकाणी एक व्यवस्था समान होती. गायक बदलत, पण मागचे वादक तेच असत. तीच चार-सहा माणसं रोज, वर्षानुवर्षं, एका खोलीत एकत्र वाजवत. स्टॅक्सचा स्टुडिओ तर एका जुन्या चित्रपटगृहात होता. तिथली उतरती जमीनही तशीच राहू दिली होती. तिथल्या ‘बुकर टी. अँड द एमजीज’ या चौघांत बुकर टी. जोन्स आणि ड्रमर अल जॅक्सन कृष्णवर्णीय, तर गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर आणि बेस वादक डोनाल्ड ‘डक’ डन गौरवर्णीय. वर्णभेदाच्या त्या काळात मेम्फिससारख्या शहरात हे चौघे रोज एकत्र वाजवत होते, ही गोष्ट लहान नाही. इतकं रोजचं एकत्र वाजवणं झालं की वादक एकमेकांचा श्वास ओळखू लागतात. या बेस लाइनचं रहस्य शोधताना वाद्यं आणि तारा यांच्याआधी ही रोजची सोबत लक्षात घ्यायला हवी.

‘यात अवघड काय? दोनच तर स्वर आहेत!’

टेम्प्टेशन्स या गटाचं ‘माय गर्ल’ हे मोटाउनचं गाणं १९६४च्या शेवटी आलं. सुरुवातीला फक्त बेस आहे. सा आणि पंचम, दोनच स्वर, मधे थोडी जागा. त्यावर गिटार येते आणि सा रे ग प ध सां अशी चढत जाते. आपल्या भूपाचे स्वर. एवढ्या सामानावर ते गाणं जगभर गेलं.

हे कुणीही वाजवेल असं वाटतं आणि स्वर दाबण्यापुरतं ते खरंही आहे. पण एकदा प्रत्यक्ष वाजवून बघा. तिथे स्वरांइतकीच मधली रिकामी जागा महत्त्वाची आहे. पहिला स्वर किती वेळ राहू द्यायचा, कधी दाबून थांबवायचा, दुसरा किती हलका काढायचा, यावर त्या ओळीचा डौल अवलंबून आहे. स्वर थोडा जास्त रेंगाळला की तीच ओळ जड होते, लवकर तुटला की घाईची वाटते.

माझ्या मते बेस लाइन ऐकताना सगळ्यांत दुर्लक्षित राहते ती हीच गोष्ट: स्वर संपतो कुठे. सुरू कुठे होतो हे सगळे ऐकतात. सोलच्या तालात चार मात्रा असतात आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेला स्नेअर हा कडक आवाजाचा ड्रम पडतो. बेसचा स्वर स्नेअर पडताना नेमका थांबवला तर स्नेअर जास्त मोठा आणि स्वच्छ वाटतो. ड्रमरने जोर वाढवलेला नसतो. बेस वादकाने त्याला जागा करून दिलेली असते. हेच स्वर न थांबवता वाजू द्या, सगळा ठेका लिबलिबीत होतो.

साधेपणाचं याहून धीट उदाहरण म्हणजे स्टेपल सिंगर्सचं १९७२चं ‘आय विल टेक यू देअर’. अख्ख्या गाण्यात कॉर्ड दोनच, सी आणि एफ, म्हणजे सा आणि म. तेच आलटून पालटून. सुरुवातीची बेसची चाल ‘द लिक्विडेटर’ या १९६९च्या जमैकन वाद्यसंगीताच्या तुकड्यावरून आलेली आहे. मसल शोल्सचा डेव्हिड हूड ती ओळ अशी वाजवतो की दोनच कॉर्ड कमी पडतात असं एकदाही वाटत नाही. मधे गायिका मेव्हिस स्टेपल्स चक्क त्याचं नाव घेऊन त्याला पुढे बोलावते आणि बेस एकटा बोलू लागतो. तिथेही तो करामत दाखवायला जात नाही. आधीचीच बोली थोडी मोकळी करतो आणि पुन्हा जागेवर येतो. अरीथा फ्रँकलिनच्या १९६७च्या ‘चेन ऑफ फूल्स’मध्ये तर कॉर्ड एकच आहे. टॉमी कॉगबिलच्या बेसकडे तिथे हलायला कारणच नसतं, आणि तरीही गाणं जागेवर बसून राहत नाही.

डेट्रॉइटच्या स्टुडिओतला एक माणूस

या विषयात एकच नाव लक्षात ठेवायचं असेल तर ते जेम्स जेमरसन. जन्म १९३६, दक्षिण कॅरोलिनात. १९५४मध्ये डेट्रॉइटला आला, शाळेत डबल बेस शिकला आणि रात्री जॅझ क्लबांत वाजवू लागला. १९५९पासून मोटाउनच्या ध्वनिमुद्रणांत वाजवू लागला. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात तो स्टुडिओ होता. वादक त्या कोंदट खोलीला ‘स्नेकपिट’ म्हणत आणि स्वतःला ‘फंक ब्रदर्स’.

जेमरसन उजव्या हाताचं एकच बोट वापरे, तर्जनी. बरेच वादक दोन बोटं आलटून पालटून चालवतात. त्याच्या या तर्जनीला ‘हूक’ असं नाव पडलं होतं. एकाच बोटाने सगळं वाजवल्यामुळे प्रत्येक स्वराचा पोत सारखा येतो, आणि तेच बोट जवळच्या जाड तारेवर घसरत आलं की एक मऊ, बेसावध वाटणारा हेलकावा मिळतो. ही सवय डबल बेसकडून आली. मोकळ्या तारा मधेमधे वापरायची सवयही तिथलीच.

त्याची बेस गिटार १९६२ची प्रिसिजन होती. तिच्यावर जाड, फ्लॅटवाउंड तारा होत्या. साध्या तारेवर गोल वायरचे वेढे असतात, बोट फिरवलं की खरखर लागते. फ्लॅटवाउंड तारेवर चपट्या पट्टीचे वेढे असतात, म्हणून ती गुळगुळीत लागते आणि तिचा स्वर गोल, गडद येतो. तार तुटल्याशिवाय तो ती बदलत नसे. वर ब्रिजच्या, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या, झाकणाखाली फोमचा तुकडा, त्यामुळे स्वर फार काळ घुमत नसे. स्वर येतो, आपलं म्हणणं मांडतो आणि विरतो. वर म्हटलेली जागा इथे वाद्याच्या मांडणीतच सोडलेली आहे. त्यात मोटाउनमध्ये बेसची वायर थेट ध्वनिमुद्रणाच्या यंत्रात जाई, खोलीतल्या स्पीकरसमोर माइक ठेवायची भानगड नसे. म्हणून तो बेस इतका जवळचा आणि स्पष्ट ऐकू येतो.

आता एक गोष्ट बोलायलाच हवी. मोटाउनच्या रेकॉर्डवर १९७१पर्यंत या वादकांची नावंच छापली जात नव्हती. त्या वर्षी मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर ती आली आणि जेमरसनच्या नावामागे ‘अतुलनीय’ अशा अर्थाचं विशेषण आलं. तोवर जगाने त्याला दहा वर्षं ऐकलं होतं आणि कुणाला ऐकतोय हे जगाला माहीत नव्हतं. मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याच्या कितीतरी वादकांच्या वाट्याला हेच आलं, म्हणून आपल्याला ही व्यथा परकी वाटू नये. १९७२मध्ये मोटाउनने बस्तान लॉस एंजेलिसला हलवलं. जेमरसनही तिकडे गेला, पण ते दिवस परत आले नाहीत. १९८३मध्ये, ४७व्या वर्षी तो वारला. २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये साथीदार वादक म्हणून त्याचं नाव दाखल झालं.

‘पण जेमरसन तर भरमसाट वाजवतो. मग संयमाचं काय?’

ही शंका अगदी योग्य आहे. स्टीव्ही वंडरचं १९६८चं ‘फॉर वन्स इन माय लाइफ’ घ्या. बेस तिथे अखंड धावतो. एखादं आवर्तन जसंच्या तसं पुन्हा आलं असं क्वचितच होतं. दोन स्वरांच्या ‘माय गर्ल’चा वादक आणि हा वादक एकच आहे यावर विश्वास बसत नाही.

हे गाणं सुटा बेस ऐकून समजत नाही. सुटा बेस ऐकला तर वाटतं, हा माणूस एकट्याने मैफल गाजवतोय. पूर्ण गाणं लावा आणि लक्ष गायकाच्या ओळींच्या शेवटांवर ठेवा. गायक ओळ संपवून श्वास घेतो, आणि बरेचदा तिथेच बेसची एखादी लकेर वर येते. गायक पुन्हा सुरू झाला की बेस पुन्हा खाली जातो. जेमरसन कितीही धावला तरी बहुतेक वेळ खालच्या पट्टीत असतो, मोठा आधार पहिल्या मात्रेवर किंवा तिच्या जरासा आधी देतो, आणि आवाजाच्या पट्टीत शिरून गायकाशी स्पर्धा करत नाही. गॉस्पेल गायनात एकाने ओळ टाकायची आणि इतरांनी तिला उत्तर द्यायचं ही रीत जुनी आहे. इथे उत्तर बेस देतो.

त्याच्या स्वरांतले कितीतरी स्वर मुळात स्वरच नाहीत, हेही लक्षात घ्या. डाव्या हाताचं बोट तारेवर नुसतं टेकवून उजव्या बोटाने छेडलं की ‘ठप्’ असा बिनसुराचा आवाज येतो. वादक याला घोस्ट नोट म्हणतात. कागदावर लिहायला गेलं तर पान भरून जातं, पण कानाला ती गर्दी वाटत नाही. ताल आतून पुढे सरकतोय एवढंच जाणवतं. अरीथाच्या १९७१च्या ‘रॉक स्टेडी’मध्ये चक रेनीचा बेस आणि बर्नार्ड पर्डीचे ड्रम ऐका, असे ठपके तिथे दोघांच्यामध्ये वाटून घेतल्यासारखे पडतात.

तेव्हा संयम म्हणजे कमी वाजवणं, हा हिशेब इथे अपुरा पडतो. गायक काय करतोय याकडे कान आहे की नाही, एवढंच बघावं लागतं. कान असेल तर भरपूर स्वर खपतात. नसेल तर दोनही जास्त होतात.

सा म ध ग म सा रे प सा

आता एक ओळ जवळून बघू. जॅक्सन फाइव्हचं ‘आय वॉन्ट यू बॅक’, १९६९. बेस विल्टन फेल्डरचा. हा माणूस खरा क्रूसेडर्स या जॅझ गटाचा सॅक्सोफोनवादक, आणि मला नेहमी वाटतं की फुंकून वाजवणाऱ्याची गाती चाल त्या बेसमध्ये उतरली आहे.

गाणं ए फ्लॅट या पट्टीत आहे. ती पट्टी सा धरली तर मधले भरणीचे स्वर काढून टाकल्यावर बेसचा सांगाडा असा उरतो: सा, म, मग ध ग म सा, आणि शेवटी रे प सा. सगळे शुद्ध. पहिल्या दोन स्वरांना भरपूर वेळ आहे, पुढचे चार भराभर येतात.

पेटीवर वाजवा, किंवा नुसतं गुणगुणा. नऊच स्वर, पण त्यांची वळणं बघा. ध वरून खाली ग, तिथून एक पाऊल वर म, पुन्हा खाली सा, पुन्हा एक पाऊल वर रे. उतरायचं, थोडं चढायचं, आणखी उतरायचं, थोडं चढायचं. शेवटी रे वरून प आणि प वरून सा, म्हणजे पाश्चात्त्य संगीतात घरी परतण्याची सगळ्यांत खात्रीची वाट. वर दहा-अकरा वर्षांचा मायकल जॅक्सन काय गातोय ते क्षणभर विसरा, ही ओळ एकटी गायली तरी चाल म्हणून उभी राहते. आणि गंमत अशी की ती ऐकताना वरची चाल आपोआप आठवते. दोन्ही एकमेकींच्या पोकळ्यांत नेमक्या बसलेल्या आहेत.

मेम्फिसचा उशीर आणि जेम्स ब्राउनची सम

स्वर कोणता, किती लांब, हे झालं. पण तो पडतो कधी, यावर सोल वादकांनी सगळ्यांत जास्त जीव टाकला.

१९६५मध्ये विल्सन पिकेटचं ‘इन द मिडनाइट अवर’ स्टॅक्सच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित होत होतं. अटलांटिक कंपनीचे निर्माते जेरी वेक्सलर तिथे हजर होते. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा तरुण मुलं ‘जर्क’ नावाचा नाच करत आणि त्यात दुसऱ्या मात्रेवर झोक देत. तो झोक वादकांना कळावा म्हणून वेक्सलर स्टुडिओतच नाचून दाखवू लागले. अल जॅक्सन आणि स्टीव्ह क्रॉपर यांनी दुसरी आणि चौथी मात्रा केसभर उशिरा मारायला सुरुवात केली, खाली डनचा बेस साधा आणि ठाम. तो केसभर उशीर ऐकताना गाणं मागे रेलल्यासारखं वाटतं, पण लय कुठेही पडत नाही. मेम्फिसच्या आवाजाची ती खूणच झाली.

जेम्स ब्राउनचा आग्रह बरोबर उलट टोकाचा. पहिली मात्रा सगळ्यांनी मिळून गाठायचीच, मधे काय वाटेल ते करा. तो तिला ‘द वन’ म्हणे. तबल्याची साथ ऐकणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही, सम ती सम. १९७०मध्ये अवघ्या अठरा वर्षांचा बूट्सी कॉलिन्स त्याच्या वाद्यवृंदात आला. ‘सेक्स मशीन’मध्ये बेस कितीही वळवळला तरी समेवर कसा येतो ते ऐकण्यासारखं आहे. सोलमधून फंक नावाचं संगीत निघालं ते याच वळणावर.

‘हे सगळं आता संगणक करतो की!’

करतो, आणि चांगलं करतो. चार मात्रांच्या चौकटीत स्वर बिनचूक बसवता येतात, केसभर उशीरही मोजून घालता येतो. यंत्राला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. ज्या स्टीव्ही वंडरने लहानपणी जेमरसनच्या बेसवर गायलं, त्यानेच पुढे १९७२च्या ‘सुपरस्टिशन’मध्ये मूग सिंथेसायझरच्या पट्ट्यांवर स्वतः बेस वाजवला, आणि तो अस्सल आहे. वाद्य बदललं, कान तोच राहिला.

फरक पडतो तो दुसऱ्या ठिकाणी. चार मात्रांचा एक तुकडा तयार करून गाणंभर चिकटवत नेला की पहिल्या कडव्यात आणि शेवटच्या कडव्यात बेस सारखाच राहतो. गायक तोवर कुठल्या कुठे गेलेला असतो. जुन्या ध्वनिमुद्रणांत बेस त्याच्याबरोबर गेलेला ऐकू येतो: पहिलं कडवं मोजकं, पुढे मोकळं, शेवटी जवळजवळ बेभान. संगणकावर काम करणाऱ्यालाही हे करता येतं. त्यासाठी आधी ते ऐकलेलं असावं लागतं. म्हणून हा अभ्यास फक्त बेस वाजवणाऱ्यांनी करायचा नाही.

अभ्यास कसा करायचा

वाद्य हातात घ्यायच्या आधी बेस लाइन गाता आली पाहिजे. यावर मी ठाम आहे. खर्ज गळ्याला झेपत नसेल तर एक सप्तक वर गा. गाता येत नसलेली ओळ बोटांनी वाजवली तर बोटं पडदे पाठ करतात, ओळ नव्हे. गाताना दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला टाळी द्या. टाळी चुकली तर समजा की स्वर कुठे थांबतोय हे अजून ऐकलेलं नाही.

मग ती सरगममध्ये लिहा. पाश्चात्त्य नोटेशन येत नाही म्हणून अडायचं कारण नाही, सरगमला हे काम उत्तम जमतं. प्रत्येक कॉर्डचा मूळ स्वर खाली लिहा आणि बेस पहिल्या मात्रेवर तोच घेतो की दुसरा, ते बघा. जिथे दुसरा घेतो तिथे थांबा आणि मूळ स्वर घालून गाऊन बघा. गाणं काय गमावतं ते लगेच कळेल.

इंटरनेटवर आयत्या मिळणाऱ्या लिखित प्रतींवर भिस्त ठेवू नका, त्यांत चुका खूप असतात. सुटा केलेला बेस जरूर ऐका, पण त्यात ड्रमचे तुकडे मिसळतात आणि घोस्ट नोटा पुसल्या जातात, हे ध्यानात ठेवा. शेवटी पूर्ण गाण्याकडे परत जायचंच आहे.

गाणी घ्यायची तर ‘माय गर्ल’पासून सुरुवात करा. मग ‘आय विल टेक यू देअर’, दोन कॉर्डवर किती तग धरता येतो ते कळायला. ‘इन द मिडनाइट अवर’ फक्त वेळेसाठी. ‘आय वॉन्ट यू बॅक’ चालीसाठी. ‘फॉर वन्स इन माय लाइफ’ला घाई करू नका, तिथे एका बैठकीत एकच ओळ घ्या, गायकाची आणि बेसची दोन्ही लिहा, एकीखाली एक.